मानेची उशी आणि मानाची उशी

व्याकरणाच्या तासाला मी मुलांना एक उदाहरण नेहमी देतो. ‘ती मान’ आणि ‘तो मान’. अक्षरे तीच, पण लिंग बदलले की अर्थ कुठल्या कुठे जातो. एक मान धडावर असते आणि दुसरा चारचौघांत मिळावा लागतो. मुले हसतात, फळ्यावरचे उतरवून घेतात आणि विसरतात. मी मात्र अलीकडे उशीचा इतिहास चाळू लागलो आणि हे दोन शब्द पुन्हा समोर येऊन उभे राहिले. माणसाने आजवर ज्या उशा केल्या, त्यांतल्या फार थोड्या ‘ती’साठी होत्या. बहुतेक सगळ्या ‘तो’साठी!

‘उशी’ हा आपला शब्द संस्कृतातल्या ‘उच्छीर्षक’पासून आला. शीर वर उचलून धरते ती उशी. किती वर उचलावे, हे शब्द सांगत नाही, आणि सारा घोटाळा तेथेच आहे.

वाचकांना भीष्मपर्वातला प्रसंग ठाऊक असेलच. पितामह शरशय्येवर पडले आहेत, शरीर बाणांवर तोलले आहे, पण मस्तक खाली लोंबते आहे. ते उशी मागतात. राजे धावतात आणि मऊमऊ, उंची उशा घेऊन येतात. भीष्म त्या नाकारतात आणि अर्जुनाकडे पाहतात. अर्जुन तीन बाण मारून मस्तकाला आधार देतो. या प्रसंगात वीराचा मान आहे हे तर खरेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाकीच्यांनी उशी पाहिली, अर्जुनाने आधी निजलेला माणूस पाहिला. शय्या कशी आहे, अंग कोणत्या उंचीवर आहे, मस्तक किती खाली गेले आहे, हे पाहून त्याने उशी केली. आज उशा बनवणारे शास्त्रज्ञ वेगळे काय करतात?

प्राचीन इजिप्तमध्ये उशी मऊ नव्हतीच. लाकडाचा, दगडाचा किंवा हस्तिदंताचा एक खांब, त्यावर चंद्रकोरीसारखा खोलगट भाग, आणि त्यात डोके. 1922 साली हॉवर्ड कार्टर याला तूतनखामेनची कबर सापडली. तीत अशी कित्येक शिरोधाने निघाली. त्यांतल्या एका हस्तिदंती शिरोधानात वायुदेव शू गुडघे टेकून बसला आहे, दोन बाजूंना दोन सिंह आहेत आणि राजाचे डोके देवाने आपल्या हातांवर तोलून धरावे अशी योजना आहे. मृताच्या उशाशी लोखंडाचे एक चिमुकले शिरोधानही ठेवलेले होते. त्या काळी लोखंड दुर्मिळ होते, हे लक्षात घ्यावे.

हे पाहून कुणी म्हणेल, की बिचारा राजा, जन्मभर दगडावर निजला! पण मध्य राज्याच्या काळातल्या शवपेट्या पाहिल्या की कोडे थोडे उलगडते. त्यांत प्रेत डाव्या कुशीवर निजवीत आणि डोक्याखाली शिरोधान देत. कुशीवर निजणाऱ्याचा खांदा बाहेर येतो आणि कान व अंथरूण यांत मोठी पोकळी राहते. ती भरायला उंच आधार हवाच. म्हणजे त्या कारागिरांना निजणाऱ्याची कूस ठाऊक होती. मात्र तोच माणूस उताणा झाला, की ते शिरोधान त्याची हनुवटी छातीला टेकवणार.

चीनमध्ये चिनी मातीची उशी होती. सुंग राजवटीत, म्हणजे 960 ते 1279 या काळात, त्झिचौच्या भट्ट्यांतून अशा उशा फार निघाल्या. काहींवर फुले, काहींवर पक्षी, आणि एक प्रसिद्ध नमुना तर पालथ्या पहुडलेल्या गुटगुटीत मुलाच्या आकाराचा. त्याच्या पाठीवर आपण मान ठेवायची! उन्हाळ्यात ही उशी गार लागे. त्याआधी थांग काळात शन ची-ची या लेखकाने एक गोष्ट लिहिली. खाणावळीत एका तरुणाला एक म्हातारा चिनी मातीची उशी देतो. तिच्यावर डोके टेकून तरुण सगळे आयुष्य जगतो. लग्न, अधिकार, तुरुंगवास, नातवंडे, मरण, सारे होते. जाग येते तेव्हा चुलीवरचे भरड धान्य अजून शिजलेलेही नसते. आता इतक्या कडक उशीवर इतके लांब स्वप्न पडते यावर माझा विश्वास बसत नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या कथेत अशी खोट काढू नये.

त्याच देशातला इतिहासकार सुमा क्वांग (1019 ते 1086) याची उशी मला सर्वांत आवडते. त्याने म्हणे एक गोल ओंडका उशाला घेतला होता. झोपेत जरा कूस बदलली की ओंडका गडगडे, डोके आपटे, आणि तो उठून पुन्हा वाचायला बसे. आपल्याकडे शेंडीला दोरी बांधून अभ्यास करणाऱ्यांच्या गोष्टी सांगतात, त्यांचाच हा चिनी भाऊ. झोप येऊ नये म्हणून केलेली उशी ही एकच असावी. इंग्रजांकडे ओंडका होता तो मात्र गरिबीचा. 1577 साली विल्यम हॅरिसन याने लिहून ठेवले आहे, की जुन्या पिढीतले लोक गोल ओंडका उशाला घेत आणि मऊ उशी बाळंतिणीनेच वापरावी असे समजत.

मान आणि मान यांचे खरे भांडण पाहावे ते जपानात. तेथे स्त्रियांच्या केशरचना इतक्या उंच आणि नाजूक असत, की रोज बांधणे शक्य नसे. मग निजताना लाकडी पेटीवर एक छोटी गुंडाळी बांधून ती डोक्याखाली न घेता मानेखाली घेत. केस अधांतरी राहत. पुरुषांनाही शेंडा बांधून ठेवावा लागे. एदो काळात लोक म्हणत, की चार सुनाची उशी आरामाची आणि तीन सुनाची दीर्घायुष्याची. एक सुन म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर. म्हणजे बारा सेंटिमीटर उंचीने केस शाबूत राहतात, पण जास्त जगायचे तर नऊवर या! पुढे 1871 साली सरकारने केस कापायला मोकळीक दिली आणि त्या उंच उशीचे प्रयोजन हळूहळू गेले.

हा जुना शहाणपणा सुईणीच्या सल्ल्यासारखा सोडून देण्याजोगा वाटतो. पण 2024 साली जपानच्या ओसाकाजवळील राष्ट्रीय मेंदू व हृदय रोग संस्थेतील डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या मानेत सात मणके असतात आणि त्यांतल्या वरच्या सहांच्या बाजूंच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणारी रोहिणी वर चढते. कधी कधी कोणतेही सबळ कारण नसता या रोहिणीचे आतले अस्तर फाटते आणि पक्षाघात होतो. असे 53 रुग्ण आणि त्याच वयाचे दुसरे 53 रुग्ण घेऊन डॉक्टरांनी उशीची उंची पाहिली. बारा सेंटिमीटर किंवा अधिक उंच उशी घेणारे पहिल्या गटात 18 निघाले, दुसऱ्यात 8. पंधरा सेंटिमीटरच्या वर पहिल्यात 9, दुसऱ्यात अवघा 1. उशी जितकी टणक, तितका हा संबंध ठळक. या प्रकाराला त्यांनी नाव दिले ते सरदारी उशीचे! उंच उशीवर निजणाऱ्या प्रत्येकाला हे होते असे नव्हे. पण लोडावर लोड रचून रात्री मोबाइल पाहत झोपी जाणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

आमच्या लहानपणी दारावर पिंजारी येई. त्याच्या धनुकलीची तार टणत्कारली की गल्लीतली मुले जमत. तो आईला विचारी, कापूस किती घालू? साधा की सावरीचा? कुणासाठी, हे त्याने कधी विचारले नाही, आणि विचारले असते तरी उत्तर ठरलेले होते. नवी उशी पाहुण्यांची. जुनी वडिलांची. आई हात उशाला घेऊन निजे. तो मान कुणाचा आणि ती मान कुणाची, हे घराघरांत असेच ठरत असे.

कुणासाठी आणि कोणत्या कुशीसाठी, हे विचारणारी उशी फार अलीकडची. 1966 साली चार्ल्स योस्ट याने अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी विमानातल्या आसनांकरिता एक फेस तयार केला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो, दाबला की दबतो आणि सावकाश पूर्ववत होतो. 1991 साली स्वीडनच्या एका कारखान्याने त्याच्या गाद्या बाजारात आणल्या. मग उशाही आल्या. मध्ये खळगा आणि दोन्ही कडांना उंचवटे, अशी ती उशी आता आपल्या शहरांतही मिळते. तिच्यामागचे गणित साधे आहे. उताणे निजणाऱ्याला मानेमागची पोकळी भरेल इतकाच आधार हवा. डोके पुढे ढकलले जाता कामा नये. कुशीवर निजणाऱ्याला खांद्याइतकी उंची हवी, आणि खांदा रुंद तशी उशी उंच. पालथे निजणाऱ्याची मान रात्रभर एकीकडे वळलेली असते. त्याला अगदी पातळ उशी द्यावी, किंवा देऊच नये. म्हणूनच नवराबायकोसाठी एकाच मापाची जोडी घेणे हा केवळ दुकानदाराच्या सोयीचा प्रकार आहे. थंडीत हा फेस कडक होतो, हेही दुकानदार सांगत नाही.

आपल्या आज्या बाळासाठी मोहरीची उशी करीत. मोहरी सरकते, डोक्याचा आकार घेते, हे त्यांना कुठल्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. कल्पना सुरेख, पण आजचे बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या मुलाला कोणतीच उशी देऊ नका आणि त्याला उताणे निजवा असे सांगतात. कारण श्वास कोंडण्याचे भय असते. आजीची माया मोठी, तरी येथे डॉक्टरांचे ऐकावे.

राहता राहिले मोठ्यांचे माप. ते स्वतःला घेता येत नाही. आपल्या नेहमीच्या कुशीवर निजावे आणि घरातल्या कुणाला तरी पाठीमागे बसून पाहायला सांगावे, की मान पाठीच्या कण्याशी सरळ रेषेत आहे की वर चढली वा खाली झुकली आहे. खाली झुकली असेल तर अभ्र्यात एक पंचा घडी करून घालावा. वर चढली असेल तर कापूस काढावा. आमच्या घरी या दिवाळीत गाद्या उन्हात टाकल्या तेव्हा मी शाळेची फूटपट्टी घेऊन बसलो. माझी उशी चौदा सेंटिमीटर भरली. बायकोची सहा.