घरातील जंतुनाशके : कोणते किती सुरक्षित?

कोणत्याही घरातील मोरीजवळची फळी पाहिली, तर तेथे चार-पाच बाटल्या हमखास आढळतात. फिनेल, संडास धुण्याचे ॲसिड, ब्लीच, डेटॉल किंवा सॅव्हलॉन, आणि २०२० सालच्या महामारीपासून त्यांत भर पडलेले सॅनिटायझर. या सर्वांचे काम एकच, जंतू मारणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे एक बाटली संपली की दुसरी वापरली जाते, आणि अधिक स्वच्छता हवी असेल तेव्हा दोन एकत्र केल्या जातात. प्रत्यक्षात या द्रव्यांचे गुणधर्म परस्परांहून अगदी भिन्न आहेत. त्यांपैकी अमुक सुरक्षित आणि तमुक घातक, असे सरळ उत्तर देता येत नाही. द्रव्य किती पातळ केले आहे, ते कशावर टाकले आहे आणि कशात मिसळले आहे, यांवर त्याची सुरक्षितता अवलंबून असते.

ब्लीच आणि टीसीएल पावडर

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे क्लोरीन. ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, तिच्यात आणि दुकानातील ब्लीचच्या बाटलीत जंतूंना मारणारा घटक मुळात एकच आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला सुमारे अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असले, तर ते पाणी आबालवृद्धांना निर्धोक असते. लादी व दाराच्या कड्या पुसण्यासाठी ०.१ टक्का, म्हणजे लिटरला १००० मिलिग्रॅम तीव्रतेचे द्रावण पुरते. रक्त सांडलेल्या जागेसाठी ०.५ टक्का लागते. बाटलीतील ब्लीच मात्र साधारणपणे ४ ते ५ टक्के, म्हणजे लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅम असते. हे न पातळ केलेले ब्लीच त्वचा भाजते व डोळ्यात गेल्यास दृष्टीला इजा करते. ५ टक्के ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे, एवढेच पुरे. त्याहून अधिक ओतल्याने जंतू अधिक मरत नाहीत, फक्त घरातील दमेकऱ्याचा श्वास कोंडतो.

ब्लीचबाबत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. माती, तेलकटपणा व अन्नाचे कण यांवर ते आपली शक्ती खर्च करून बसते. म्हणून जागा आधी साबणाने धुऊन मगच ते लावावे आणि काही मिनिटे ओले राहू द्यावे. दुसरे असे की ऊन व उष्णता यांनी ते निकामी होते. पातळ केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे. टीसीएल पावडरचेही तसेच. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असते, पण कोकणच्या पावसाळी हवेत उघड्या पोत्यातील पावडर लवकरच नुसता चुना होऊन राहते.

हेच द्रव्य माणसांच्या अंगावर मारण्याची कल्पना किती चुकीची, ते मार्च २०२० मध्ये दिसले. उत्तर प्रदेशातील बरेली येथे शहरातून गावाकडे परतणाऱ्या स्थलांतरित मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर ब्लीचच्या द्रावणाचा फवारा मारण्यात आला. मुलांनाही त्यातून वगळले नाही. अनेकांचे डोळे चुरचुरू लागले. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशी फवारणी करू नये, असे स्पष्ट केले. विषाणू शरीरात शिरलेला असताना कपड्यांवरच्या फवाऱ्याने काहीही साधत नाही. (शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा पाया घालणारे जोसेफ लिस्टर हेही एके काळी शस्त्रक्रियागृहाच्या हवेत कार्बोलिक ॲसिडचा फवारा मारीत असत. १८९० मध्ये त्यांनी स्वतःच तो निरर्थक असल्याचे जाहीर केले. सव्वाशे वर्षांनंतरही फवाऱ्याचा मोह सुटत नाही, हे नवल.)

ॲसिड, आणि मिश्रणाचा धोका

संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. पिवळे डाग व क्षार काढणे हे त्याचे मुख्य काम. तयार क्लीनरमध्ये ते साधारण १० टक्क्यांच्या आसपास असते. सुटे विकत मिळणारे ॲसिड किती तीव्र आहे, हे मात्र विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. एवढ्या एका कारणासाठी तरी सुटे ॲसिड घरात आणू नये.

परंतु खरा धोका दोन बाटल्यांच्या भेटीत आहे. ॲसिड व ब्लीच एकत्र आले की त्याच क्षणी क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडण्यात आला तो हाच वायू. बंद न्हाणीघरात तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि वाकून फरशी घासणारी व्यक्ती त्याच थरात श्वास घेत असते. घरोघरी हे काम बहुधा गृहिणी किंवा कामाला येणाऱ्या ताई करतात. त्यांना ही एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ॲसिडने संडास धुतल्यावर भरपूर पाणी ओतावे आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी वापरावे. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्येही ब्लीच मिसळू नये. त्यातून क्लोरामाइन हे विषारी वायू निघतात. व्हिनेगर हेही आम्लच आहे, तेव्हा त्यालाही हाच नियम लागू. मिश्रणातून उग्र वास येऊ लागला, तर ते धुऊन टाकण्यासाठी तेथे थांबू नये. आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे.

सॅनिटायझर

हातावर लावायला या सर्वांत सौम्य तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते व त्वचा कोरडी पडू नये म्हणून थोडे ग्लिसरॉल घातलेले असते. ६० टक्क्यांखाली ते फारसे प्रभावी नाही. उलट अगदी शुद्ध अल्कोहोलही कमी गुणकारी ठरते, कारण जंतूंची प्रथिने नष्ट होण्यासाठी काही पाणी लागतेच. मळलेल्या हातांना मात्र साबण-पाण्याला पर्याय नाही. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरसही सॅनिटायझरला सहसा दाद देत नाही.

पोटात गेले तर तेच सॅनिटायझर विष ठरते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब पडले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने ती वाचली. लहान मुलाने चार घोट घेतले, तरी रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. स्वस्त, बनावट मालात मिथेनॉल असेल, तर अंधत्व किंवा मृत्यूही ओढवतो. जून २०२० पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा अनेक सॅनिटायझरविरुद्ध इशारे दिले होते.

आपल्या चर्चमध्ये व घरच्या वेदीपुढे यासंबंधी विशेष काळजी हवी. सॅनिटायझर सहज पेट घेते व त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. हात पूर्ण कोरडे झाल्याखेरीज मेणबत्ती पेटवू नये, आणि सॅनिटायझरची बाटली मेणबत्त्यांच्या स्टँडपासून दूर ठेवावी.

फिनेल, डेटॉल, सॅव्हलॉन

काळे फिनेल डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांचे असते. ते त्वचेतूनही शरीरात शोषले जाते, म्हणून हातमोज्यांशिवाय हाताळू नये. पांढरे, पाइन तेलाचे फिनेल तुलनेने सौम्य असते. डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के असते. जखम धुताना ते वीसपट पाण्यात मिसळावे, नुसते लावल्यास कातडी भाजते. घरात मांजर असेल, तर फिनेल व डेटॉल दोन्ही बेताने वापरावीत, कारण मांजराच्या यकृताला ही द्रव्ये पचवता येत नाहीत. सॅव्हलॉनमधील क्लोरहेक्सिडीन व सेट्रिमाइड जखमेला कमी झोंबतात, परंतु साबणाचा अंश राहिला असेल तर ती निष्प्रभ होतात. कानात व डोळ्यात ती जाता कामा नयेत.

विषबाधा झाल्यास

घरगुती विषबाधेच्या मुळाशी पुष्कळदा थंड पेयाची रिकामी बाटली असते. सुटे फिनेल किंवा ॲसिड तिच्यात भरून ठेवले जाते, आणि तहानलेले मूल ती तोंडाला लावते. मूळ बाटली, तिचे लेबल आणि मुलांच्या हाताला न लागणारी कुलुपबंद जागा, यांना पर्याय नाही.

कोणी यांपैकी काही प्याल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याची जुनी रीत कटाक्षाने टाळावी. ॲसिड किंवा ब्लीच वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते, आणि फिनेलचे तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांना सूज येते. ॲसिडवर उतारा म्हणून सोडा, किंवा ब्लीचवर लिंबू, हेही देऊ नये. तोंड धुवावे. डोळ्यात उडाल्यास वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे डोळा धरावा, अंगावर सांडल्यास कपडे काढून पाणी ओतावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालयात जाताना ती बाटली लेबलासह बरोबर न्यावी, कारण आत काय होते हे कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उपचार ठरवता येत नाही.