स्वस्त, हलकी आणि घाट : एका सायकलखरेदीचा इतिहास

नवशिक्या सायकलस्वाराने पहिली रोड बाइक स्वस्तात घ्यायचे ठरवले की दुकानाच्या दारातच तीन प्रश्न उभे राहतात. गिअर हवेत का? वजन किती असावे? बिघडली तर दुरुस्त कोण करणार? हे प्रश्न आजचे वाटतात, पण त्यांची उत्तरे फार आधी ठरत गेली आहेत. ती परदेशी कारखान्यांनी, स्वातंत्र्योत्तर आयात-धोरणाने आणि लुधियानाच्या छोट्या कार्यशाळांनी ठरवली. कर्जत-खालापूरच्या बाबतीत त्यांत बोरघाटही आला.

आधी भूगोल. कर्जत उल्हास नदीच्या खोऱ्यात, खालापूर पाताळगंगेच्या. दोन्ही तालुक्यांतील बहुतेक रस्ते सपाट किंवा सौम्य चढउताराचे आहेत. पूर्वेला मात्र सह्याद्रीची भिंत उभी आहे. खोपोलीहून खंडाळ्याला जाताना थोड्याच अंतरात सुमारे ५०० मीटर उंची गाठावी लागते. या भिंतीने वाहनांच्या प्रत्येक पिढीला अडवून धरले. चाकाच्या गाड्यांना चढता येईल असा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. रेल्वे १८५६ मध्ये पळसदरीहून खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. वर खंडाळा ते पुणे ही गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत प्रवाशांना पालखीतून, घोड्यावरून, बैलगाडीने किंवा पायी ओलांडावा लागे. पळसदरी ते लोणावळा हा लोहमार्ग सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढतो. म्हणूनच पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देण्यासाठी कर्जतला जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडण्याची पद्धत पडली. इंजिनालाही या चढावर मदत लागते, ही गोष्ट सायकल निवडणाऱ्याने ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे.

आता सायकल. ज्या रूपात ती आज ओळखली जाते, ते दोन सारख्या चाकांचे आणि मागच्या चाकाला साखळी असलेले रूप इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये रूढ केले. त्याआधीच्या उंच पुढच्या चाकाच्या यंत्रावरून पडणे म्हणजे सरळ डोक्यावर पडणे होते. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांचा सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते, पण बहुधा उद्योगकथेची प्रस्तावना म्हणूनच. सायकलच्या इतिहासात तिचे मोल वेगळे आहे.

लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवीत आणि रामूअण्णा त्या तिथे विकत. केवळ विक्रीवर मात्र भागत नसे. घेणाऱ्याला सायकल चालवताच येत नसे, म्हणून रामूअण्णा ती शिकवतही आणि त्या शिकवणीचे पंधरा रुपये घेत, असे किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितले जाते. त्या काळी पंधरा रुपये ही किरकोळ रक्कम नव्हती. महाराष्ट्रातील सायकलविक्रीच्या अगदी आरंभी गिऱ्हाईक नवशिके होते, वस्तू आयात केलेली होती आणि किंमत हौशी श्रीमंतालाच परवडणारी होती. पुढची शंभर वर्षे यांतला तिसरा घटक कसा बदलला, आणि बदलताना त्याने काय गमावले, हा खरा विषय आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत भारतात येणाऱ्या सायकली मुख्यतः ब्रिटिश होत्या. रॅले, बीएसए, हंबर, हर्क्युलिस ही नावे आजोबांच्या तोंडी अजून सापडतात. यांत बर्मिंगहॅमच्या हर्क्युलिसने किमतीचे गणित बदलले. प्रचंड संख्येने उत्पादन करून तिने १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये चार पौंडांच्या आत सायकल विकली. एक रुपया म्हणजे अठरा पेन्स या तत्कालीन दराने ही रक्कम ५३ रुपयांच्या आसपास येते. त्यावर जहाजाचे भाडे, जकात आणि दुकानदाराचा नफा चढे, तो वेगळाच. त्याच काळात जपानी सायकली आणि सुटे भाग आणखी कमी भावाने बाजारात आले. हौसेची वस्तू आता पगारदाराच्या हिशेबात आली. हिशेबात, खिशात नव्हे. ती अजूनही विचार करून, जुनी शोधून किंवा पैसे साठवून घ्यायची वस्तू होती.

ज्याला तेही जमत नसे, त्याच्यासाठी भाड्याची सायकल होती. गावोगावच्या सायकल दुकानांत तासाच्या भाड्याने सायकली मिळत आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसे त्याच सायकलींवर शिकली. फ्रेम प्रौढ माणसाच्या मापाची, सीटवर बसले तर पाय टेकत नाहीत. मग दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारायचे, म्हणजे कैचीत सायकल चालवायची. शरीर एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला आणि तरीही तोल सावरलेला, अशी ही विद्या कोणत्याही शिकवणीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मापाची सायकल घ्यावी, हा आजच्या दुकानदाराचा पहिला सल्ला त्या पिढीला चैनीचाच वाटला असता.

स्वातंत्र्याच्या आसपास चित्र पालटले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला होता. त्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१), आसनसोलला सेन-रॅले (१९५२) आणि लुधियानात मुंजाल बंधूंची हीरो (१९५६) असे कारखाने सुरू झाले. यांपैकी काहींनी ब्रिटिश कंपन्यांशी भागीदारी केली आणि त्यांचीच रचना इथे आणली. आयातीवर जकात आणि परवान्यांचे निर्बंध आले. देशी सायकलीला स्पर्धक उरला नाही.

या धोरणावर आज टीका करणे सोपे आहे, पण त्याची एक मोठी देणगी सहसा नजरेतून सुटते. सर्व कारखाने जवळजवळ एकच सायकल बनवीत. काळी, २२ किंवा २४ इंची फ्रेमची, २८ इंची चाकांची, सळीच्या ब्रेकची, मागे भक्कम कॅरियर आणि खाली स्टँड असलेली. लुधियानातील लहान कार्यशाळा तिचे सुटे भाग करीत आणि एका कंपनीचा भाग दुसरीच्या सायकलीला सहज बसे. त्यामुळे गावातील कोणताही कारागीर, अगदी झाडाखाली बसणारासुद्धा, पंक्चर काढू शके, छर्रे बदलू शके, चाकाचा आउट काढू शके. ‘स्वस्त’ या शब्दाचा हा अर्धा अर्थ आहे. खरेदीची किंमत एकदाच मोजायची असते, दुरुस्तीची वर्षानुवर्षे.

सायकल किती सर्वसामान्य झाली होती, याची खूण कायद्यातही सापडते. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतींना जे कर बसवण्याचा अधिकार दिला, त्यांत सायकली आणि जनावरांनी ओढायची वाहने शेजारीशेजारी आहेत. शहरांत सायकलीचा वार्षिक परवाना घेऊन पत्र्याचा बिल्ला लावावा लागे, आणि रात्री दिव्याविना निघालेला सायकलस्वार पोलिसांच्या हाती सापडला की दंड ठरलेला. ज्या वस्तूवर सरकार कर बसवते, ती घरोघरी पोचलेली असते.

देणगीबरोबर एक उणीवही आली. ही सायकल वाहतुकीचे जनावर होती. दुधाच्या कॅन, गवताचे भारे, पोस्टमनची पिशवी, नळीवर एक आणि कॅरियरवर दुसरा असे प्रवासी, हे सगळे तिने वाहिले. तिचे वजन २० किलोच्या आसपास आणि गिअर एकच. सपाटीवर ती अजोड, पण घाटात तिचा उपयोग हातात धरून ढकलण्यापुरता.

असे का, हे आकड्यांत पाहता येते. अशा सायकलीच्या पुढच्या चेनव्हीलला ४८ आणि मागच्या फ्रीव्हीलला २० दाते धरले, तर पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात मागचे चाक २.४ वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. आजच्या सर्वसाधारण रोड बाइकवर पुढे ३४ आणि मागे २८ दाते असा सर्वांत हलका गिअर मिळतो. त्यात एका फेऱ्याला ती जेमतेम अडीच मीटर जाते. म्हणजे तेवढ्याच चढावर प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर निम्म्याहून कमी, शिवाय सायकलीचे वजनही जवळपास निम्मे. कर्जतचे बँकर इंजिन जे काम करते, तेच इथे दात्यांची एक जादा चकती करते.

गिअर नसणे हा मागासलेपणा होता, असे मात्र समजू नये. तीन वेगांचा स्टर्मी-आर्चर हब ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभीच तयार झाला होता. खुद्द ‘तूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध शर्यतीत साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरला १९३७ पर्यंत बंदी होती. शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय होती. स्पर्धकांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि पुन्हा स्वार व्हायचे. युरोपात बंदी उठल्यावर गिअर झपाट्याने पसरले. भारतात ते अनेक दशके पोचले नाहीत, कारण बंद बाजारात काळी सायकल विनासायास खपत होती. तेव्हा गिअर लावण्याची गरज कारखानदाराला कशाला भासावी?

तरीही बोरघाट सायकलीने चढला गेला. मुंबई–पुणे सायकल शर्यतीचा कस लागतो तो खोपोलीच्या पुढे. तो टप्पा सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. या चढावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते स्मारक, अशी आख्यायिका आहे. गाडीवाले तिथे नाणे टाकतात, सायकलस्वाराला तिथे दम घेण्याचे निमित्त मिळते. महाराष्ट्रातील अनेक शर्यतींत भारतीय बनावटीच्या सायकलींसाठी वेगळा गट ठेवण्याची रीत पडली. या रीतीत एक मूक कबुली आहे. आयात केलेली हलकी सायकल आणि देशी सायकल एका रेषेवर उभ्या केल्या, तर स्पर्धा माणसांची न राहता आर्थिक ऐपतीची होते, हे संयोजकांनी ओळखले होते.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, पण नवशिक्याच्या हाती लगेच रोड बाइक आली नाही. आधी आल्या जाड टायरच्या, डोंगरी दिसणाऱ्या सायकली. त्यांतील स्वस्त नमुन्यांवरचे सस्पेंशन बरेचदा दिखाऊ असे आणि वजन काळ्या सायकलीच्या जवळ जाई. वाकड्या हँडलची ‘रेसची सायकल’ सामान्य दुकानात दुर्मीळच राहिली. गेल्या पंधराएक वर्षांत मोठ्या क्रीडासाहित्य-साखळ्या, फायरफॉक्ससारखे देशी ब्रँड आणि लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड यांमुळे परिस्थिती पालटली. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, हे ब्रेव्हेचे पहिले माप शर्यतीचे नाही, चिकाटीचे आहे. त्यामुळे नोकरदारही त्याकडे वळले आणि स्वस्त रोड बाइकला गिऱ्हाईक मिळाले. तरीही साध्या काळ्या सायकलीच्या आणि सर्वांत स्वस्त रोड बाइकच्या किमतीत अजून कित्येक पटींचे अंतर आहे. मधली पायरी भारतीय कारखान्यांनी कधी नीट बांधलीच नाही.

ही पायरी नसल्यामुळेच कर्जत-खालापूरच्या नवशिक्याला जुन्या इतिहासाची किंमत आजही मोजावी लागते. हलकी सायकल घेतली तर तिचा डिरेलर, तिचे ब्रेक, तिच्या चाकाची मापे गावातील कारागिराच्या पेटीत नसतात. तुटलेला भाग मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो. काळी सायकल घेतली तर घाट बंद. पावसाळ्यात उताराचा प्रश्न आणखी वेगळा. ओल्या पोलादी रिमवर सळीच्या ब्रेकचे गुटके नुसते घसरतात, तिथे अ‍ॅल्युमिनियमची रिम किंवा डिस्क ब्रेक फार उपयोगी पडतात.

म्हणून कमी पैशांत निवड करताना जाहिरातीतील गिअरांची संख्या फसवी ठरते. एकवीस गिअर आहेत, याला अर्थ नाही. सर्वांत हलक्या गिअरला पुढे किती दाते आणि मागे किती, हे दुकानातच मोजावे. मागचे दाते पुढच्यांच्या जितके जवळ, तितका घाट सोपा. टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा रुंद असल्यास आपल्या रस्त्यांवर तग धरतो. जुनी पण चांगल्या फ्रेमची सायकल नव्या पण जड सायकलीपेक्षा बहुधा शहाणपणाची ठरते. मात्र फ्रेमच्या जोडांवर तडा नाही ना, हे रंगाखालून तपासून घ्यावे.

पहिले काही महिने घाटाकडे जाण्याची घाईही नको. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे आणि घाटात काही अंतर जुना रस्ता त्याला येऊन मिळतो, तिथली अवजड वाहतूक नवशिक्यासाठी नाही. खाली पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कर्जतहून कोंढाणे लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाता येते. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे. जवळच महडचा वरदविनायक आहे. पाली रस्त्याकडे वळले की उंबरखिंड लागते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेची तिथे कोंडी केली. खानाने घाटमाथ्यावरून लवाजम्यासह खाली उतरण्याचे धाडस केले होते आणि अरुंद वाटेत त्याला ना पुढे जाता आले, ना मागे फिरता आले. चावणी गावाकडून तिथे जाणारा रस्ता सायकलीला सोयीचा आहे, एका गिअरच्या काळ्या सायकलीलासुद्धा.