तार कुणाची, टोक कुणाकडे

माझ्या लहानपणी ‘तार’ या शब्दाचे दोन अर्थ होते. सुट्टीत मिरजेला आजोळी गेलो की तार म्हणजे सतारीची. तिथे शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याचं काम सोडून तंतुवाद्यं बनवायला घेतली, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. ही मंडळी पुढे सतारमेकर म्हणूनच ओळखली जाऊ लागली. साताऱ्याला परत आलो की दादीच्या लेखी तार म्हणजे मौतीची खबर. दारात तारवाला उभा राहिला की कागद वाचायच्या आधीच बायका डोक्यावर पदर ओढून रडायला लागत. ती तार सरकारने जुलै २०१३ मध्ये कायमची बंद केली.

तिसरी तार आमच्या घरात २०२० च्या पावसाळ्यात आली. इंटरनेटची. तिने मला जे शिकवलं ते बी.एड.च्या कुठल्याही पेपरात नव्हतं, म्हणून आज तिच्याबद्दल लिहितो आहे.

शाळा बंद होत्या. मी घरातून उर्दू आणि मराठी शिकवत होतो. वर्गातल्या मुलांची हजेरी बरी असायची, मुलींची कमी. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बऱ्याच घरांत फोन एकच, तो अब्बांच्या नाहीतर थोरल्या भावाच्या खिशात. अब्बा बाहेर गेले की मुलीचा वर्गही त्यांच्याबरोबर बाजारात जायचा. मी पालकांना फोन करून सांगत असे, “मुलीला तासभर तरी फोन द्या.” सांगताना मला वाटायचं, आपलं घर यापेक्षा वेगळं आहे.

ते वेगळं नव्हतं. गल्लीतल्या केबलवाल्याकडून मी फायबरची जोडणी घेतली. त्याने विचारलं, “सर, डबा कुठे बसवू?” मी बैठकीतल्या टीव्हीशेजारचा कोनाडा दाखवला. घर जुनं. मधली भिंत दगडमातीची, दोन फूट जाडीची. बैठकीत मी आणि मुलगा, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझ्या बायकोची व मुलीची खोली. वायफायच्या लहरी पातळ विटेच्या भिंतीतून कशाबशा जातात. दोन फूट दगडमातीत त्या जिरतात. माझा वर्ग उत्तम चालला. मुलगी मात्र दहावीची पुस्तकं घेऊन उंबऱ्यात बसायची, कारण तिथेच दोन कांड्या दिसायच्या. घरी कुणी भेटायला आलं की ती उठून आत जायची आणि वर्ग तुटायचा. महिनाभराने ती म्हणाली, “अब्बा, बाहर सब बैठते. मैं किधर पढूं?”

त्या प्रश्नाने मला इतिहासाकडे नेलं. आपल्या मुलखात तारा आल्या कधी, आणल्या कुणी, आणि त्यांची टोकं कुणाच्या हाती होती?

पहिली तार अर्थातच विजेच्या तारायंत्राची. इंग्रजांनी १८५० च्या दशकात ती देशभर ओढली. मुंबई, आग्रा, कलकत्ता, मद्रास ही शहरं १८५५ पर्यंत जोडली गेली होती. तार सामान्य माणसालाही पैसे भरून करता येत होती, पण ती टाकली होती राज्य सांभाळायला. पलटण हलवायची, बंडाची खबर द्यायची, यासाठी. गावावरून जाणारी तार गावाची नव्हती. म्हणूनच १९४२ मध्ये गावांनी ती तोडली. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. आजच्या सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. चलेजावच्या त्या दिवसांत तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. नंतर चळवळ भूमिगत झाली, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. तारा तोडणं हा त्या लढ्याचा भाग होता. शाळेत आपण हे ‘तोडफोड’ या एका शब्दात शिकवतो. पण गावकऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर अर्थ साधा आहे. या तारेतून आपल्यासाठी काही येत नाही, आपल्याविरुद्ध फौज मात्र येते.

दुसरी गोष्ट वारणाकाठची. वारणा नदी सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहते. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी साखर कारखान्याभोवती १९९८ मध्ये केंद्र सरकारने एक प्रयोग सुरू केला. इंग्रजीत त्याला ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणत, म्हणजे तारेने जोडलेलं गाव. दोन्ही जिल्ह्यांतली मिळून सुमारे ७० गावं त्यात होती. खर्च अंदाजे अडीच कोटी रुपये, त्यातला निम्मा केंद्राचा, बाकीचा राज्याचा आणि वारणा समूहाचा. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात इंटरनेट सर्वांना खुलं केलं, त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. साताऱ्यात आम्ही कॉलेजात होतो आणि संगणक काचेच्या खोलीत चपला काढून बघायचो. अशा काळात उसाच्या फडाशेजारच्या गावात संगणक आला, ही मोठीच गोष्ट होती.

त्या केंद्रांतून काय काय होणार होतं? शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, आरोग्याची माहिती, मुलांचं शिक्षण. प्रत्यक्षात चाललं ते मुख्यतः उसाचं काम. लागणीची नोंद, तोडणीची परवानगी, खताची उचल, वजन आणि बिल. हे काम कमी महत्त्वाचं मुळीच नव्हतं. ज्या शेतकऱ्याला एका चिठ्ठीसाठी कारखान्यावर हेलपाटे घालावे लागत, त्याला आपलं वजन गावातच कळू लागलं. पण बाकीची स्वप्नं बहुतेक कागदावर राहिली. संगणक जुने झाले, दुरुस्ती महाग पडू लागली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथेच सात गावांत दुसरा प्रयोग केला. केंद्रातला संगणक बाजूला ठेवून शेतकऱ्याने साध्या मोबाइलवरून एसएमएस पाठवायचा आणि उत्तरात आपला हिशेब मिळवायचा. तो स्वस्त पडला आणि शेतकऱ्यांना जास्त आवडला. त्याचं नाव त्यांनी ‘वारणा अनवायर्ड’ ठेवलं. तार काढून टाकलेली वारणा!

वारणेचा धडा अनेकांनी असा काढला की तार जुनी झाली, आता मोबाइलच सगळं करेल. मला त्यात दुसरं काही दिसतं. तार गावात आली ती कारखान्याच्या कामाच्या टेबलावर आली. त्या टेबलाशी येणारा माणूस सभासद शेतकरी, म्हणजे ज्याच्या नावावर ऊस आहे तो. आपल्याकडे जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर असते. पुढे तार जाऊन एसएमएस आला, तो ज्याच्या खिशात फोन त्याच्याकडे. साधन बदललं, पण टोक बहुधा त्याच हातात राहिलं. त्या सभासदाच्या मुलीला तारेने काय दिलं आणि मोबाइलने काय दिलं, हे विचारणारा कुणी तिथे होता का?

तिसरी तार टेलिफोनची. भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड आणलं आणि फोनच्या त्याच तांब्याच्या जोडीतून बोलणं आणि इंटरनेट एकाच वेळी वाहू लागलं. युक्ती सोपी होती. माणसाच्या आवाजाला तारेची चार हजार हर्ट्‌झपर्यंतची खालची पट्टी पुरते. वरची सगळी रिकामीच पडलेली असते, ती इंटरनेटला दिली. सतारीच्या मुख्य तारेखाली तरफेच्या तारा आपल्या वेगळ्या सुरात वाजत असतात, तसंच काहीसं. तेव्हाच्या सरकारी व्याख्येप्रमाणे सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड. आज गल्लीतला केबलवाला त्याच्या चारशे पट वेग सहज देतो. पण तो फोन तरी घरात कुठे असे? बैठकीत, कुलूप लावलेल्या लाकडी पेटीत. किल्ली अब्बांकडे.

इथवर आल्यावर माझ्याच कोनाड्यातला डबा मला वेगळा दिसू लागला. मी इंग्रज नव्हतो, कारखाना नव्हतो. तरी तार माझ्याच टेबलाशी येऊन थांबली होती.

मग एका रविवारी मी आणि मुलगी कामाला लागलो. बाजारातून वीस मीटर केबल आणली, ‘कॅट ५ ई’ नावाची. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली. ही पिळण्याची कल्पना टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची, १८८१ ची. तारा पिळल्या की बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो. अशी केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते आणि भिंत किती जाड आहे हे विचारत नाही. टोकाला बसवायच्या खटक्यात रंगांचा क्रम ठरलेला असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. पहिलं टोक मी चुकवलं, दुसरं मुलीने नीट बसवलं. दाराच्या चौकटीला कडेने खिळपट्ट्या मारत केबल आतल्या खोलीत नेली आणि तिथे दुसरा राउटर ठेवला.

तरीही अर्धा दिवस नेट चालेना. झालं होतं असं, की दोन्ही राउटरचा घरातला पत्ता एकच होता: १९२.१६८.१.१. जगात अशा पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटी, माणसं आणि यंत्रं त्याहून जास्त. म्हणून १९९० च्या दशकात तोड निघाली की काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवायचे. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो, आत राउटर प्रत्येक फोनला, लॅपटॉपला आपापला क्रमांक वाटतो. एकत्र कुटुंबात पोस्टमन पत्रं दारात देतो आणि ज्याचं त्याला देण्याचं काम अम्मी करते, तसं. आमच्या घरात हे वाटप करणारे दोघे झाले होते, तेही एकाच नावाचे. मग दुसऱ्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्याचं वाटपाचं काम बंद केलं (सेटिंगमध्ये त्याला डीएचसीपी म्हणतात) आणि केबल ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेतून काढून ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेत घातली. हिरवे दिवे लागले. मुलीने लॅपटॉप थेट केबलने जोडला. गणिताच्या सरांचा आवाज पहिल्यांदा न तुटता आतल्या खोलीत आला. पोळ्या लाटता लाटता बायको म्हणाली, “आज मलाही त्रिकोणमिती ऐकू आली.”

शेवटचं काम पासवर्डचं. कारखान्यातून येताना राउटरला ‘ॲडमिन’ असा सगळ्या जगाला ठाऊक असलेला शब्द असतो, तो पहिल्या दिवशीच बदलायला हवा. नवा पासवर्ड ठेवायचा कुणाकडे? त्याच संध्याकाळी एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले, “मुलीच्या खोलीत नेट? सांभाळा जरा.” माझ्या मुलाच्या हातात दोन वर्षांपासून डेटापॅकचा फोन होता. त्याबद्दल त्यांनी कधी काळजी केली नव्हती. मीही केली नव्हती. मी पासवर्ड मुलीलाच ठेवायला सांगितला.

काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण मग नियम सर्वांना एक हवा. सांगली जिल्ह्यात, उंच ताबुतांसाठी आणि हिंदू-मुसलमानांच्या एकत्र मोहरमसाठी प्रसिद्ध असलेल्या कडेगावच्या तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. तो भोंगा मुलामुलींत फरक करत नाही. वडीलधाऱ्यांनाही तोच लागू.

आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणावर बोलताना आपण फातिमा शेख यांचं नाव अभिमानाने घेतो. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या आपल्या माहेरी, नायगावात, आजारपणात असताना जोतिरावांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाला कामाचा त्रास पडत असेल याची काळजी आहे. शाळा मागे फातिमा सांभाळत होती. जयंतीला हार घालणं सोपं आहे. आपल्याच घरातली जाड भिंत ओलांडायला मला मात्र वीस मीटर केबल आणि मुलीचा एक प्रश्न लागला.

मुलगी आता कॉलेजला आहे. आतल्या खोलीतल्या त्या टोकाला सध्या माझी बायको बसते. राहिलेलं बी.ए. पूर्ण करायचं म्हणते. परवा नेट बंद पडलं तेव्हा मी केबलवाल्याला फोन लावणार, तेवढ्यात ती म्हणाली, “थांबा, आधी केबल बघते.” खटका ढिला झाला होता. तिनेच बसवला.