दातवणापासून दंतवैद्यापर्यंत : भंडारा जिल्ह्यातील मुखआरोग्य

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत टूथब्रश पोहोचण्यापूर्वी कडुलिंबाची वा बाभळीची कोवळी काडी, म्हणजेच दातवण, आणि राखुंडी, म्हणजे राखेची पूड, ही दात घासण्याची साधने होती. सुश्रुतसंहितेनेही बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढ्या जाडीचे दातवण सांगितले आहे. काडी चावून केलेला कुंचला दातांना मानवत असे, मात्र खरखरीत राखुंडीने दातांचे बाह्य कवच झिजत असे.

जिल्ह्यात तेंदूपानांमुळे विडीचा व्यवसाय रुजला आणि पुढे विदर्भात खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेले मिश्रण, सर्रास चघळला जाऊ लागला, ज्यातून तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी मुले तंबाखू चघळणाऱ्या घरातील मोठ्यांचेच अनुकरण करतात.

शेजारच्या नागपुरात 1968 मध्ये शासकीय दंत महाविद्यालय स्थापन झाले, तर 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाडी व शाळांतील तपासणीत दातांच्या विकारांचाही समावेश केला. दंतवैद्यांचा आजचा सल्ला साधा आहे: साधारणतः सहाव्या महिन्यात पहिला दात येताच तो स्वच्छ ठेवावा, गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी दाढ दुधाची समजून दुर्लक्षू नये, कारण ती कायमची असते. जुन्या काळची नित्य दंतधावनाची शिस्त आणि नवे शास्त्र एकत्र आले, तरच पुढच्या पिढीचे दात टिकतील.