म्हातारपण की आजार?

'आता वय झाले, असे व्हायचेच' हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. आजोबा बोलेनासे होतात, जेवणावरची वासना उडते, पहाटे तीनलाच जाग येते, नावे आठवत नाहीत. आपण याला म्हातारपण म्हणून मोकळे होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ डॉक्टरही असेच मानत. म्हाताऱ्या माणसाचे मन बिघडले म्हणजे मेंदू झिजू लागला. मग त्यावर उपाय कसला?

ही समजूत पारखून पाहिली मार्टिन रॉथ या मनोविकारतज्ज्ञांनी. त्यांची रीत साधी होती. इंग्लंडमधील चिचेस्टरच्या ग्रेलिंगवेल मनोरुग्णालयातील, साठी गाठलेल्या शेकडो रुग्णांच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या. लक्षणांवरून गट पाडले आणि सहा महिन्यांनी व दोन वर्षांनी प्रत्येक गटाचे काय झाले ते पाहिले. सर्वांचा मेंदूच झिजत असता, तर सर्व गटांची गत सारखी व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही. सहा महिन्यांत वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण दगावले होते. नैराश्याच्या गटातले बहुतेक मात्र बरे वाटून घरी गेले होते. १९५५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. म्हातारपणीचे नैराश्य हा वेगळा आणि बरा होऊ शकणारा आजार आहे, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

विजेच्या झटक्यांचा उपचार १९३८ पासून होताच. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा गुण नोंदवला. प्रश्न उरला ओळखण्याचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जेरोम येसावेज व सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी तीस प्रश्नांची यादी केली. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. भूक, झोप, अंगदुखी हे प्रश्न त्यांनी मुद्दाम वगळले, कारण उतारवयात त्यांची इतरही कारणे असतात. भर दिला तो आनंद, उमेद आणि निरुपयोगी वाटण्यावर.

अशी यादी निदान करत नाही, फक्त इशारा देते. थायरॉइडचा विकार, ब-१२ची कमतरता किंवा चालू असलेली औषधे यांचाही संबंध असू शकतो. कधी नैराश्य हीच स्मृतिभ्रंशाची पहिली खूण ठरते. म्हणून तपासणी हवीच. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बोलण्यातून होणारे मानसोपचारही उपयोगी पडतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ आजीचे कशातच मन रमत नसेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे. 'जगून काय करायचे' असे ती म्हणाली, तर मात्र दोन आठवडेही थांबू नये.