पाव, चावी आणि पाण्याचा जग

वसईच्या बेकरीत आपण पाव मागतो आणि सोलच्या बेकरीत तिथला माणूस ‘प्पांग’ मागतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकच शब्द असतो. मूळ पोर्तुगीज. त्या शब्दाच्या शेवटी एक चमत्कारिक स्वर आहे. ओठ गोल होत मिटत येतात आणि त्याच क्षणी आवाज नाकातूनही जातो. मराठी कानाने त्यातले ओठ उचलले, त्यांचा झाला व. जपानी कानाने नाक उचललं, त्याचा झाला न. जपान्यांचा तो ‘पान’ पुढे कोरियात गेला आणि तिथे त्याचा प्पांग झाला. आपल्या लिलावाचीही हीच कथा. मूळ शब्दाच्या शेवटी तोच नाकातला स्वर, आणि आपण तिथेही व घेऊन मोकळे झालो.

तंबाखूकडेही पाहा. मूळ शब्दात अनुनासिक नाही. मराठीने त्यात म् घातला आणि कोरियनमध्येही तो शब्द ‘तांबे’सारखा ऐकू येतो, म्हणजे तिथेही म् घुसलाच. दोन देशांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. मात्र असल्या जुळणीवर फार इमले बांधू नयेत. कोरियन मूल वडिलांना ‘अप्पा’ म्हणतं म्हणून वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांचं मूळ तिकडे शोधायला कुणी निघू नये.

परक्या भाषेचा उच्चार शिकताना आधी शिकावं लागतं ते कानाला. तोंड नंतरचं. हे आठवायला एक निमित्त आहे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातला सेपा हा आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यात भारतीय शिक्षकांना कोरियन शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जायला वाट मिळाली. एरवी तिथल्या सरकारी शाळा परदेशी शिक्षक घेतात ते मुख्यतः सात देशांतून : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आता त्या मुलांचे हाल पाहा. अमेरिकन बाई ‘वॉटर’मधला ट इतका हलका करतात की तो आपल्या र किंवा डच्या जवळ जातो. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियन सर येतात आणि त्यांचा ‘डे’ पोरांना ‘डाय’ ऐकू येतो. न्यूझीलंडचा माणूस पेन मागतो, मुलं पिन शोधतात. आयरिश माणसाच्या ‘थ्री’चं ‘ट्री’ होतं. हे सगळे ‘नेटिव्ह’, म्हणजे जन्माने इंग्रजीचे धनी. त्यात समजा नालासोपारा नाहीतर विरारच्या एखाद्या ‘इंग्लिश स्पीकिंग’ क्लासात घडलेली आपली मुलगी तिथे शिकवायला उभी राहिली, तर तिने कुणाचा उच्चार शिकवायचा?

तिच्यापुढच्या वर्गात काय होईल ते आधीच सांगता येतं. कोरियनमध्ये व्ह नाही, तिथे ब येतो. फोनमधला फ नाही, तिथे श्वास सोडलेला प येतो, म्हणून कॉफी म्हणायला गेलं की ‘खॉफी’ होते, पण तो फ आजीच्या ‘फळा’तला, ओठ मिटून सोडलेला. झूमधला झ नाही, तिथे ज. र आणि ल हे एकाच अक्षराचे दोन अवतार. दोन स्वरांमध्ये आलं की र, शब्दाच्या शेवटी आलं की ल. दोन व्यंजनं शेजारी आली की मध्ये एक छोटा स्वर घातल्याशिवाय जीभ पुढे सरकत नाही. ‘ख्रिसमस’ची त्यामुळे ‘खुरिसुमासु’ अशी पाच अक्षरं होतात. आपल्याकडे फिल्मचं फिलम आणि ग्लासचं गिलास झालं ते याच न्यायाने.

यावर हसणाऱ्याने घरच्या फळीवरचे शब्द एकदा खाली काढून पाहावेत. आफोन्सो या पोर्तुगीज नावातला फ आपल्याला झेपला नाही, आपण त्याचा प केला आणि वर सुरुवातीला नसलेला ह चिकटवला, तेव्हा हापूस झाला. शेजारच्या गुजरातीत तो ‘हाफूस’ आहे, म्हणजे फ त्यांच्याकडे टिकला. पोर्तुगीज ‘कोव्ह’मधल्या व्हचा ब करून आपण कोबी केली. कोरियन पोरगा जे करतो, नेमकं तेच. फारसी हफ्त्याचा आपण हप्ता केला, तिथेही फचा प. वर्गात हे उच्चारदोष ठरले असते. कोशात गेले म्हणून ते शब्द ठरले.

चावीची गोष्ट याहून मजेची आहे. मूळ पोर्तुगीज शब्दाच्या आरंभी आज लिस्बनचा माणूस श म्हणतो, ‘शाव्ह’. चावी आपल्याकडे आली तेव्हा तो तिथेही चच होता. पुढे दक्षिण पोर्तुगालात त्याचा श झाला. म्हणजे भाषेच्या धन्याने जो उच्चार टाकून दिला, तो परक्यांनी कुलपासकट सांभाळून ठेवला. लिस्बनचा माणूस आज आपल्याला ‘चावी चुकीची म्हणता’ असं सांगू लागला, तर त्याला खुशाल त्याच्याच खापरपणजोबाकडे पाठवावं. शुद्ध उच्चार कुणाचा हा प्रश्न ‘कोणत्या सालचा’ हे विचारल्याशिवाय सुटत नाही, असं माझं पक्कं मत आहे.

शब्द कोणत्या जहाजातून उतरला ते ओळखायलाही उच्चारच कामी येतो. पोर्तुगीजांचा त दातांवरचा, म्हणून मराठी कानाने तो तच ऐकला : तुरुंग, फीत, मिस्त्री, नाताळ. इंग्रजांचा त जिभेचं टोक हिरडीवर टेकवून येतो, तो आपल्या कानाला ट वाटला : टेबल, टाय, स्टेशन, मोटार. नियम बरा चालतो, पण दोन फितूर आहेत. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला आणि दोन दोन ट घेऊन बसला. तिकीट इंग्रजांबरोबर आलं आणि त्याने पहिला त करून टाकला. नाताळातला शेवटचा ळही ऐकण्यासारखा आहे. मूळ शब्दात साधा ल लिहितात, पण शब्दाच्या शेवटी पोर्तुगीज माणूस जीभ मागे ओढून तो जड करतो. मराठी माणसाच्या पेटीत र, ल, ळ असे तीन होते, त्याने तिसरा काढून दिला. कोरियन कानाला या तिन्हींसाठी मिळून एकच घर आहे. त्यात राईस आणि लाईस एकत्र राहतात याचा राग धरून उपयोग नाही.

आपल्या तालुक्याच्या नावांवरही हेच प्रयोग झाले. वसईला पोर्तुगीजांनी ‘बासाईं’ केलं, वचा ब आणि शेवटी नाकातला स्वर. हा शेवट त्यांना फार आवडे. मुंबईचं ‘बोंबाईं’, कोचीचं ‘कोचीं’ त्यांनीच केलं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई त्यांच्या हाती गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली, आणि मग इंग्रजांच्या तोंडी ‘बॅसीन’ झालं. १८०२ चा तह इंग्रजी पुस्तकांत बॅसीनचा आहे, आपल्याकडे तो वसईचाच राहिला. त्यात गंमत अशी की इंग्रजांनी ब्रह्मदेशातल्या पथेइनचंही बॅसीनच केलं. दोन गावं, दोन देश, नाव एक. सोपाऱ्याचं तर त्याहून जुनं. शूर्पारक हे संस्कृत नाव, पालीत सुप्पारक, ग्रीक लेखकांत सुप्पारा, आणि अरबी लिहिणाऱ्यांकडे सुबारा, कारण अरबीत प नाही. कोरियन लिपीत आज वसई लिहायची तर ‘बासाइ’ अशीच लिहावी लागते. म्हणजे पोर्तुगीज जिथे पोहोचले तिथेच तेही, फक्त वाट वेगळी.

आणि हे सगळं परक्यांनीच केलं असं समजू नये. वसईची सामवेदी म्हणजे कादोडी बोली घ्या, ती सामवेदी ब्राह्मणांची आणि कुपारी ख्रिस्ती समाजाचीही. तिच्यात चचा स होतो आणि सचा ह. चारचं सार, सातचं हात. वरच्या अंगाच्या गुजराती बोलींतही सातला हात म्हणणारे आहेतच. प्रमाण मराठीच्या शाळेत ‘हात नव्हे, सात’ हे आमच्याकडच्या कितीतरी मुलांना ऐकावं लागलं आहे. एका भाषेच्या पोटात दुसरा उच्चार शिकणं काय असतं, हे या पट्ट्यात कुणाला नव्याने सांगायला नको. त्या मुलांना तेव्हा कुणी सांगायला हवं होतं की सचा ह करण्यात ती फार थोरांच्या पंगतीला बसली आहेत. संस्कृतात जो सप्त, तो फारसीत ‘हफ्त’ आहे, ग्रीकमध्ये ‘हेप्ता’. सात दिवसांचा तो हफ्ता, आणि महिन्याच्या महिन्याला बँक कापते तो हप्ताही त्यातलाच. कादोडीतला हात शाळेत चुकीचा ठरतो आणि फारसीतला हप्ता पासबुकात बरोबर ठरतो, याला भाषाशास्त्र म्हणत नाहीत.

जाता जाता, ‘उच्चार’ हा शब्दही फार सोवळा नाही. उद् म्हणजे वर, चर् म्हणजे जाणं. जे बाहेर पडतं तो उच्चार. संस्कृतात आणि जैनांच्या अर्धमागधीत मलविसर्जनालाही उच्चारच म्हणतात. उच्चारशुद्धीचा फार आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

पूर्वेकडच्या भाषेशी झटलेला वसईकर मात्र आपल्याकडे होऊन गेला आहे. गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्याला वसईत जन्मला, वडील पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात जपानला गेला आणि जपानी शिकला. पुढे काही काळ व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाला. १५९३ साली फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला गेलं तेव्हा दुभाषी म्हणून हा बरोबर होता. हिदेयोशीचं सैन्य त्याच सुमारास कोरियात लढत होतं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं, १८६२ साली तो संत ठरला आणि आज वसईतलं महाविद्यालय त्याच्या नावाने आहे. त्याच्या हौतात्म्यावर पुष्कळ लिहितात. मला कुतूहल आहे ते त्याच्या जिभेचं. घरात पोर्तुगीज आणि इथली बोली, बाहेर र आणि लमध्ये फरक न करणारी जपानी, आणि समोर जपानचा सर्वसत्ताधीश, ज्याच्यापुढे शब्द चुकणं परवडणारं नव्हतं.

तर आपल्या त्या शिक्षिकेकडे वळू. तिच्या हाती काय आहे? पहिली गोष्ट, आपली वर्णमाला. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही रांग तोंडाच्या आतून बाहेर येते. कोरियन मुलाला हे परकं वाटणार नाही, कारण राजा सेजोंगने १४४६ साली जाहीर केलेल्या त्यांच्या लिपीत काही अक्षरांचा आकारच जिभेच्या नि ओठांच्या ठेवणीवरून घेतला आहे. दुसरी गोष्ट जरा नमतं घ्यायला लावणारी आहे. इंग्रज ‘पेन’ म्हणतो तेव्हा पबरोबर श्वास सुटतो. कोरियन मुलगा तो आपसूक सोडतो. आपण कोरडा प म्हणतो, आणि त्याच्या कानाला ते ‘प्पेन’ ऐकू येतं, प्पांगमधल्यासारखं. तिथे बाईंनीच त्याच्याकडून शिकावं. ओठांसमोर कागदाचा कपटा धरला की कुणाचा हलतो ते दिसतंच.

झू मात्र तिने शिकवावा. ज आणि झूमधला तो आवाज यांतला फरक कोरियन कानाला लागत नाही, आणि आपल्याकडे लिपीत दिसत नसला तरी तोंडात आहे. टेबलावर पाण्याचा जग ठेवायचा. हा इंग्रजीतून आलेला, ज टाळूवरचा. मग खिडकीबाहेर बोट दाखवायचं आणि म्हणायचं, जग. हा आपला, दातांजवळचा, झूच्या आवाजाला अगदी लागून. अक्षरं तीच, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही, आणि चार वर्षांचं मराठी पोरसुद्धा यात चुकत नाही. जग, जग. जीभ कुठे टेकली ते मुलांना विचारायचं, आणि मगच फळ्यावर झू लिहायचा.