पिळाचं गणित

१८५७ साल म्हटलं की आपल्याला चरबी लावलेली काडतुसं आठवतात. ती ज्या एन्फील्ड रायफलीची, तिच्यावर त्याच वर्षी एक वेगळी नामुष्की ओढवली आणि तीही खुद्द इंग्लंडात. केंटमधल्या हाइथ इथे सैन्याची नेमबाजीची शाळा होती. तिथे मँचेस्टरचा यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ आपली रायफल घेऊन एन्फील्डशी सामन्याला उतरला. ५०० यार्डांपासूनच एन्फील्ड मागे पडू लागली. १४०० यार्डांवर तर तिची एकही गोळी लक्ष्याला शिवली नाही. व्हिटवर्थच्या मात्र तिथेही लागत होत्या.

दोन्ही बंदुका ठासणीच्या, आणि दोन्हींच्या गोळ्या वजनाला जवळपास सारख्या, ५३० ग्रेनच्या आसपास. (एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त.) फरक होता तो नळीत. एन्फील्डची नळी ०.५७७ इंच रुंद, आणि तिच्या आतल्या खाचा ७८ इंचांत एक वेढा घेत. व्हिटवर्थने नळी ०.४५१ इंचांवर आणली, तिला आतून षटकोनी आकार दिला आणि पीळ इतका आवळला की वेढा २० इंचांतच पुरा व्हावा. तेवढंच शिसं अरुंद नळीत बसवायचं तर गोळी लांबणारच. लांब गोळीच्या टोकाला हवेचा रेटा उलथवू पाहतो. तिला सरळ ठेवायचं तर ती तितक्याच जोराने स्वतःभोवती फिरली पाहिजे.

१८६० मध्ये विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळा भरला, तेव्हा राणी व्हिक्टोरियाने पहिला बार काढला तो व्हिटवर्थच्याच रायफलीतून. रायफल आधीच नेम धरून घोडीवर पक्की बसवलेली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, आणि गोळी ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्याजवळ लागली. राजेशाही नेमबाजी म्हणावी ती अशी! सैन्याने मात्र ही रायफल घेतली नाही. ती महाग होती, आणि दारूच्या काजळीने तिची नळी लवकर भरून येई.

व्हिटवर्थने हे प्रयोग करून करून शोधलं होतं. वुलविचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या अल्फ्रेड ग्रीनहिलने १८७९ मध्ये त्याचं सूत्र मांडलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला १५० ने गुणायचं आणि गोळीच्या लांबीने भागायचं. येतील तितक्या इंचांत एक वेढा हवा. या सूत्रात वजन कुठेच नाही. ‘जड गोळीला जास्त पीळ’ असं नेमबाज सर्रास म्हणतात. ते व्यवहारात चालून जातं, कारण त्याच जाडीची गोळी जड झाली की लांबही होते. पण पीळ मागते ती लांबी.

सूत्र हाती असूनही पुढची शंभर वर्षं कारखानदार आणि सेनाधिकारी त्याच खड्ड्यात पडत राहिले. १९५५ मध्ये अमेरिकेत विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ ही काडतुसं आणली. दोन्हींची गोळी ६ मिलिमीटरचीच. रेमिंग्टनने ती शेतातली बारीकसारीक जनावरं मारण्यापुरती धरली आणि १२ इंचांचा पीळ, म्हणजे १२ इंचांत एक वेढा, दिला. विंचेस्टरचा पीळ १० इंचांचा होता, त्यामुळे हरणासाठी १०० ग्रेनची गोळीही त्यात चाले. गिऱ्हाइकाला एकाच बंदुकीत दोन्ही हवं होतं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने ९ इंचांचा पीळ देऊन तेच काडतूस ६ मिलिमीटर रेमिंग्टन या नव्या नावाने बाजारात आणलं, तोवर विंचेस्टरने बाजार मारला होता.

सैन्याची गोष्ट अधिक महागात पडली. युजीन स्टोनरच्या आराखड्यावरून आर्मालाइटने एआर-१५ घडवली तेव्हा तिला शिकारी .२२२ रेमिंग्टनसारखाच १४ इंचांचा पीळ दिला होता. ५५ ग्रेनच्या गोळीला तो उन्हाळ्यात कसाबसा पुरे. पण थंड हवा दाट असते. उणे ५४ अंश सेल्सिअसला गोळ्या भरकटू लागल्या, आणि १९६३ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारांनी १२ इंचांच्या पिळाला मंजुरी दिली. सैन्यात एम-१६ या नावाने गेलेली ही रायफल हवेतच कोलांट्या खाणारी गोळी मारते, म्हणून जखम भयंकर होते, अशी दंतकथा व्हिएतनामच्या काळात पसरली. ती खोटी. शरीर हवेच्या शेकडो पट दाट असतं, तिथे कोणताच पीळ अशा टोकदार गोळीला सावरून धरत नाही.

१९८० मध्ये नाटोने बेल्जियमच्या एफएन कंपनीची एसएस १०९ ही गोळी प्रमाण मानली. वजन ६२ ग्रेन, म्हणजे जुन्या गोळीहून अर्धा ग्रामही जास्त नाही. पण तिच्या टोकाशी पोलाद होतं. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढं वजन भरायला जागा जास्त लागली आणि सुमारे १९ मिलिमीटरची गोळी २३ वर गेली. तिला ९ इंचांचा पीळ पुरला असता. अडचण केली तिच्या जोडीच्या, वाटेत उजेड सोडत जाणाऱ्या ट्रेसर गोळीने. पोटात जळती दारू भरलेली ती गोळी आणखी लांब, आणि तिच्यापायी एम-१६ए२ ला थेट ७ इंचांचा पीळ द्यावा लागला. अशा नळीतून सुटलेली गोळी मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते. पातळ कवचाच्या हलक्या शिकारी गोळ्या एवढ्या फिरकीने हवेतच फुटतात. उलट जुन्या एम-१६ए१ मधून नवी गोळी मारली तर ती आडवी होऊन कागदावर लांबट भोकं पाडते.

ट्रेसरसाठी आवळलेला हा पीळ नेमबाजांच्या मात्र पथ्यावर पडला. ६९, ७७, अगदी ८० ग्रेनच्या लांब गोळ्या त्यातून सरळ जाऊ लागल्या. १९९० च्या दशकात ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या मैदानावर याच ‘चिमुकल्या’ काडतुसाने ६०० यार्डांवर एम-१४ जातीच्या मोठ्या रायफलींना मागे टाकलं. पुढे ७७ ग्रेनची गोळी एमके २६२ या नावाने अमेरिकी सैन्यातही गेली.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात .२२ लाँग रायफल हेच काडतूस चालतं. १८८७ पासून चालत आलेल्या या काडतुसाची गोळी साधारण ४० ग्रेनची, आणि पीळ १६ इंचांच्या आसपास. मेक्सिकोच्या अगिला कंपनीने त्याच नळीसाठी ६० ग्रेनची गोळी काढली. नेहमीच्या पिळातून ती बहुधा आडवी होऊन लक्ष्यावर जाते. तिच्यासाठी ९ इंचांना वेढा घेणारी वेगळी नळी बसवून घ्यावी लागते.